दारात ठेवलेला दिवा

"मोहन भैया, यह कैसेट बदल दीजिए. खराब है."

स्वरदाने ओढणीच्या टोकाने कॅसेटवरचे पावसाचे थेंब टिपले आणि ती काउंटरवर ठेवली. जानेवारी सरत आला होता आणि थंडीतला तो बारीक पाऊस सकाळपासून लागून राहिला होता. लखनौकर त्याला महावट म्हणतात. गव्हाला तो अमृत, माणसाला मात्र शिंका. निशातगंजच्या गल्लीतला चिखल चुकवत, एका हाताने सलवार सावरत ती आली होती, आणि आल्या आल्या भांडायची तिची पूर्ण तयारी होती.

मोहन भैयाचं दुकान म्हणजे जेमतेम एक खोली. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी तो भाड्याने देई. काउंटरवर एक जुना टीव्ही, त्याला जोडलेलं एक मशीन, आणि मशीनला एकच रिमोट. कॅसेट चालते की नाही ते तिथेच लावून बघायचं आणि मग घरी न्यायची. दुसरा रिमोट त्याने ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवून दिला होता, कारण दोघं दोघं बसली की पोरं वायरी तुटेपर्यंत ओढाओढी करत.

काय बिघडलंय म्हणून त्याने विचारलं, तेव्हा स्वरदाने सगळं रामायण सांगितलं. गेम जपानी होता, त्यातलं एक अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं. गल्लीत त्याला सगळे 'दियेवाला' म्हणत. एक मुलगा हातात दिवा घेऊन निघतो. गुहा, दलदल, धुक्याची भुतं, सगळ्यांतून ज्योत सांभाळत जातो. अगदी शेवटी एक दार येतं. दाराच्या आत एक मुलगी उभी असते. मुलगा उंबऱ्याशी दिवा खाली ठेवतो, आणि मग काही नाही. कुठलंही बटण दाबा, ना तो हलत, ना ती. एम.ए.चा अभ्यास बाजूला ठेवून ती या मुलाला दारापर्यंत घेऊन गेली होती, आणि दारातच कॅसेट अडकली होती.

"अटकी नहीं है," स्टुलावरून कुणीतरी म्हणालं. "दिये की लौ देखिए. हिलती है न? कैसेट अटकती तो लौ भी रुक जाती."

स्वरदाने वळून पाहिलं. नारिंगी पट्ट्यांचं जॅकेट, केसांवर पावसाचे बारीक मणी, आणि चहाच्या ग्लासाभोवती ऊब घेत धरलेले दोन्ही हात. तिच्याकडे न बघताच तो बोलला होता, जणू टीव्हीशीच बोलत होता.

"शहाणाच आहे," ती तोंडातल्या तोंडात मराठीत पुटपुटली.

"थोडासा," तो चहात बघत म्हणाला... तोही मराठीत.

स्वरदाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मोहन भैयाला मराठी येत नव्हतं, पण माणसं कळत होती. त्याने गुपचूप चहाचा दुसरा ग्लास पुढे सरकवला.

त्याचं नाव अमोघ. वडील जयसिंग, मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तेलीबागेत घर बांधून इथेच राहिले. अमोघ अमौसीच्या विमानतळावर कामाला होता. काय काम, म्हणून तिने विचारलं, तर त्याने ग्लास खाली ठेवला, दोन्ही हात खांद्यांवर उचलले आणि सावकाश आत-बाहेर हलवले. विमान उतरून येतं ना, त्याच्यासमोर दोन हातांत दोन नारिंगी टॉर्च घेऊन उभा राहतो, तो मी.

"म्हणजे विमानांचा ट्रॅफिक पोलीस."

"पोलीस नाही, यजमान," तो म्हणाला. "एवढ्या लांबून दारात आलेल्याला कुणीतरी 'या' म्हणायला नको?"

स्वरदा हसली. आमचे बाबा रेल्वेत इंजिनियर आहेत, तिने बजावलं, घरात विमानाचं नाव निघालं तर ताटावरून उठतात. तो म्हणाला, मग आपण विमानाचं बोलू नये, दिव्याचं बोलावं. चित्र थांबलेलं नाही, ते वाट बघतंय. कशाची, ते तुम्ही शोधून काढा.

"तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"मग सांगा की."

"दुसऱ्याचा शेवट आपण सांगू नये," तो म्हणाला. "पाप लागतं."

स्वरदाने काउंटरवरची कॅसेट परत उचलली आणि पर्समध्ये टाकली. बदलून घ्यायची ती राहूनच गेली.

त्या दिवसापासून तिला मोहन भैयाच्या दुकानात वरचेवर काम निघू लागलं. मशीन मुळात तिच्या भावाचं, विश्वजितचं. तो नोकरीला पुण्याला गेला आणि मशीन मागे राहिलं. त्याचा एक रिमोट शाबूत होता, दुसऱ्याची वायर उंदरांनी कुरतडून खाल्ली होती. पण एकटीला एक पुरत होता, आणि आता तर खेळण्यापेक्षा खेळाचा अर्थ लावण्यातच तिला गोडी वाटू लागली होती.

ती अर्थ घेऊन यायची आणि तो ऐकायचा. दिवा म्हणजे ज्ञान, दार म्हणजे मृत्यू, आणि ती मुलगी म्हणजे आत्मा, असा एक अर्थ तिने मोठ्या ऐटीत मांडला. अमोघने मान डोलावली आणि म्हणाला, पेपरात लिहा, पहिला वर्ग मिळेल. पण आत्म्याने लाल फ्रॉक घातलाय, त्याचं काय? मग ती दुसरा अर्थ घेऊन आली. मुलाला चालायची इतकी सवय झाली आहे की थांबल्यावर काय करायचं तेच त्याला सुचत नाही. हा अर्थ त्याला आवडला असावा. बसता बसता पायानेच त्याने तिच्यासाठी दुसरं स्टूल ओढून घेतलं. मग ते स्टूल तिचंच झालं. कुणी गिऱ्हाईक त्यावर बसलं तर मोहन भैया त्याला उठवी.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकालाच त्या शेवटाबद्दल काही ना काही म्हणायचं असे. खुद्द मोहन भैयाचं मत ठरलेलं होतं. दोघं लखनौचेच असणार, तो म्हणे, पहले आप, पहले आप करत दारातच उभे राहिले. सगळे हसत, आणि हसताना स्वरदाची आणि अमोघची नजर क्षणभर भिडे... मग एक टीव्हीकडे बघे, एक गल्लीकडे.

थंडी गेली. मख्खन-मलईचे ठेले जाऊन कुल्फीचे आले. होळीला अमोघने तिच्या कपाळावर गुलालाचं नुसतं एक बोट टेकवलं. ते इतकं हलकं होतं की घरी येऊन आरशात बघेपर्यंत आपल्याला खरंच रंग लागला की भास झाला, याची तिला खात्री नव्हती. इतकं होऊनही लखनौच्या हवेत मुरलेल्या त्या दोघांना अहो-जाहो काही सोडवेना.

एका दुपारी तिने आईलाच टीव्हीसमोर बसवलं. सुलभाताई भाजी निवडत होत्या. तिने मुलाला दारापर्यंत नेलं आणि विचारलं, आता सांग, हे दोघं असे का उभे आहेत? बाबा, नरहरराव, पेपराआडून म्हणाले की सिग्नल मिळाला नसेल. आईने चष्मा वर करून चित्राकडे एकदा पाहिलं.

"आतली कोण? ती ना? मग तिनेच 'ये' म्हणायला हवं," ती म्हणाली. "दारात आलेला माणूस काय आपण होऊन आत घुसतो? पोरीला कुणी वळणच लावलेलं दिसत नाही."

स्वरदाला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तिने हे अमोघला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. स्टुलावर सरळ होऊन बसला.

"तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा."

"म्हणजे आईचं बरोबर?"

"तुम्ही फार जवळ आलात."

"मला नाही पटत," स्वरदा म्हणाली. तिला खरोखरच राग आला होता, का ते मात्र सांगता आलं नसतं. "दलदल ओलांडून, भुतं मारून हा एवढा आला. आणि शेवटचं एक पाऊल तिने टाकायचं? त्याला तोंड नाही?"

"तोंड असेल," अमोघ हळूच म्हणाला. "पण घर तिचं आहे ना..."

स्वरदाच्या हातातली कुल्फी विरघळून मनगटावरून ओघळली. त्याने खिशातून रुमाल काढला, पुढे केला, आणि ती घेते न घेते तोच मोहन भैयाने पंख्याचं बटण फिरवून मोठ्याने गिऱ्हाइकाला हाक मारली.

मे महिन्यात नरहररावांच्या बदलीचा हुकूम आला. पुणे. आईला आनंद झाला, विश्वजित जवळ येणार होता. पुण्याच्या मावशीने तर लगेच कळवलं की स्वरदासाठी दोन चांगली स्थळं बघून ठेवली आहेत. बदल्यांची सवय असलेलं घर होतं ते. पेट्या निघाल्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने नावं रंगवली गेली, भांडी गवतात गुंडाळली गेली. स्वरदा गवत आणत होती, दोऱ्या धरत होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट चालू होती. निघण्याआधी तो बोलेल. बोलायलाच हवं त्याने. त्याने एक वाक्य म्हटलं असतं तर तिने बाबांसमोर उभं राहून बाकीची सगळी वाक्यं म्हटली असती. पण पहिलं त्याचं. त्याबाबतीत ती ठाम होती. गेमच्या त्या मुलाला तिने जे सुनावलं होतं, तेच तिला अमोघकडून हवं होतं.

बदलीची बातमी तिने त्याला दुकानातच सांगितली. तो ऐकून घेत राहिला. पुणं चांगलं आहे, हवा चांगली आहे, असं काहीतरी म्हणाला. मोहन भैयाकडे ती कॅसेट परत द्यायला गेली, तर त्याने ती घेतली नाही. "रख लो बिटिया," तो म्हणाला, "तुम्हारा खतम कहाँ हुआ अभी."

निघायच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली. लखनौच्या जूनमध्ये त्यात नवल काही नव्हतं. आई-बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेले होते. रिकाम्या खोलीत पेट्यांच्या रांगेमध्ये स्वरदा हातपंख्याने वारा घेत उभी होती, तेवढ्यात गल्लीतून एक नारिंगी उजेड डुलत डुलत येताना दिसला. तो दाराशी येऊन थांबला.

अमोघ कामावरून परस्परच आला होता. हातात विमानतळावरचा तो टॉर्च. खांद्यावरची पिशवी सोडवायला हात मोकळा हवा, म्हणून त्याने टॉर्च उंबऱ्याशी खाली ठेवला, आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्यापुढे धरलं.

तिने कागद सोडला. आत रिमोट होता. नवा कोरा, वायर नीट गुंडाळलेली.

"तुमचा दुसरा उंदरांनी खाल्ला होता ना," तो म्हणाला.

सबंध महिना स्वरदा एका वाक्याची वाट बघत होती, आणि तो खेळणं घेऊन आला होता.

"मी तर एकटीच खेळते," ती म्हणाली. "एकटीला दोन रिमोट कशाला?"

"एकटीला नकोच..."

एवढं बोलून तो थांबला. तीही थांबली. टॉर्चचा उजेड खालून त्याच्या हनुवटीवर पडला होता आणि पाखरं त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. बोला ना, ती मनात म्हणत होती, एवढं बोललात, आता पुढचं बोला. तो तिच्याकडे बघत होता, नुसता बघत होता. लांबून येणारी एखादी गोष्ट थेट आपल्यापाशी येईल की वळून जाईल, हे जोखत उभं राहिल्यासारखा.

काहीतरी बोलायला हवं म्हणून स्वरदा बोलली.

"सगळं बांधून झालंय. बसायला खुर्चीसुद्धा नाही."

अमोघने मान हलवली. दोनदा हलवली.

"हो, ते खरंच," तो म्हणाला. "बरं मग... जपून जा."

त्याने वाकून टॉर्च उचलला. नारिंगी उजेड गल्लीतून डुलत गेला, पानाच्या टपरीपाशी क्षणभर रेंगाळला, आणि वळला. स्वरदाने तो रिमोट जसा होता तसा कागदात गुंडाळला आणि मशीनच्या खोक्यात सर्वांत खाली दाबून ठेवला. खोकं पुण्यात गेलं, पुण्यातल्या माळ्यावर गेलं.

मावशीची दोन्ही स्थळं स्वरदाने नाकारली. कारण विचारलं तर तिला सांगता येत नसे. ती एका कॉलेजात शिकवू लागली. विश्वजितचं लग्न झालं, अवनी वहिनी घरात आली, आणि तिच्या बडबडीने घर भरून गेलं. स्वरदा निरोपाच्या त्या संध्याकाळचा विचार करायची तेव्हा दोष नेहमी एकाच बाजूला जायचा. दारापर्यंत आला आणि बोलला नाही. दलदल ओलांडली आणि तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी, अवनीने माळा आवरायला काढला आणि खोकं खाली आणलं. हे काय, ते काय, करत तिने वायरी जोडल्या. खोक्यात दोन रिमोट होते, म्हणून तिने दोन्ही लावले. त्यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

स्वरदाने कॅसेट पाहिली आणि नको म्हणणार होती. पण हातांना सगळं आठवत होतं. दलदल, गुहा, धुकं... मुलगा दारापर्यंत कधी पोचला ते तिला कळलंसुद्धा नाही. त्याने दिवा खाली ठेवला.

"संपलं," ती म्हणाली. "याच्यापुढे काही नाही."

अवनी शेजारी मटार सोलत बसली होती. मांडीवर पडलेल्या दुसऱ्या रिमोटचं बटण तिने सहज अंगठ्याने दाबलं.

"अगं, ही बघ हलली."

लाल फ्रॉकमधली मुलगी एक पाऊल पुढे आली होती. अवनीने मटार बाजूला ठेवले आणि पुन्हा दाबलं. मुलगी उंबऱ्याशी आली, वाकली, तिने दिवा उचलला. दुसरा हात तिने मुलापुढे केला. मग दोघं आत गेली, आणि त्या अंधाऱ्या घराची एक खिडकी उजळली, मग दुसरी, मग सगळं घर. स्वरदाने कधीही न ऐकलेलं संगीत सुरू झालं आणि खालून जपानी अक्षरं एकामागून एक वर सरकू लागली.

"तू तर म्हणालीस याच्यापुढे काही नाही," अवनी म्हणाली. "किती गोड शेवट आहे."

स्वरदाने हातातला रिमोट खाली ठेवला. ती मुलगी चित्र नव्हती. ती कुणाच्या तरी हाताची वाट बघत होती... आणि तो हात त्याने कागदात गुंडाळून तिच्या दारात आणून दिला होता. तो दारात होता. दिवा उंबऱ्याशी होता. आत कोण उभं होतं? आणि ती काय म्हणाली? बसायला खुर्चीसुद्धा नाही.

स्वेटरही न घालता ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून तिने मोहन भैयाच्या दुकानात फोन लावला. त्याने आवाज लगेच ओळखला. तब्येत, थंडी, आई-बाबा, सगळं विचारून झालं. मग तिने सांगितलं की दियेवाल्याचा खरा शेवट तिला आज दिसला.

पलीकडे मोहन भैयाने दुकानातल्या टीव्हीचा आवाज बारीक केला.

"अमोघ को तो शुरू से मालूम था, बिटिया," मोहन भैया म्हणाला. "मुझे भी मना कर रखा था. कहता था, दूसरा रिमोट वो खुद माँगेगी."

स्वरदाने काचेवर बोट टेकवलं. तिच्या श्वासाने काच धूसर झाली होती.

"कैसे हैं वो?"

"ठीक है. पिछले फागुन में ब्याह हो गया." मोहन भैया जणू तिला दुखू नये म्हणून हसून म्हणाला, "दुल्हन भली है. बोलती बहुत है."

"अच्छा है," स्वरदा म्हणाली. आणि तिला ते मनापासून वाटलं, हेच तिला सर्वांत जास्त लागलं.

मोहन भैयाने विचारलं, काही निरोप सांगू का? ती म्हणाली, नको. आता त्याच्या दारात जायचं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरात जायचं होतं.

ती परतली तेव्हा अवनी पुन्हा मशीन चालू करून बसली होती. तिने स्वरदाचा चेहरा पाहिला आणि सतरंजीवर सरकून तिला जागा केली. मग म्हणाली, "परत लावू? मुलगा तूच घे, तुला सवय आहे."

स्वरदा तिच्याशेजारी सतरंजीवर बसली. नव्या रिमोटच्या कडेला वर्तमानपत्राची शाई अजून लागलेली होती. तो तिने उचलला.

"नको वहिनी. मुलगा तू घे," ती म्हणाली. "मुलगी मी चालवते."

अवनीला खेळ अजिबात येत नव्हता. तिचा मुलगा दलदलीत बुडला, गुहेत आपटला, धुक्यात त्याचा दिवा विझला, आणि दर वेळी ती पहिल्यापासून निघाली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, विश्वजित येऊन डोकावून गेला, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. स्वरदाने मध्ये एकदाही रिमोट मागितला नाही. ती आपल्या दारात उभी होती.

शेवटी मुलगा पोचला. त्याने दिवा उंबऱ्याशी खाली ठेवला. ज्योत हलत होती.

स्वरदाचा अंगठा बटणावर होता. अवनीला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात ती आधी म्हणाली,

"या... आत या."

मग तिने बटण दाबलं.